तांब्याखालची उधारी

गुलाबच्या तेरवीआधी माझ्या बहिणीने, नलूने, घर सारवलं आणि आमची सगळी उधारी मातीखाली गेली.

मी बाजारातून तेरवीचं सामान घेऊन आलो होतो. डाळ, गूळ, पत्रावळी. पिशव्या ओसरीवर ठेवल्या तेव्हाच आतून ओल्या मातीचा वास आला. नलू चुलीजवळ उभी होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, हातात पोतेरं, पदर खोचलेला. सकाळपासून ती वाकलेलीच असावी. कंबरेला हात लावून सरळ झाली.

"दादा, पाय नको ठेवजो, ओली हाय," ती म्हणाली. "सुतकाचं घर असं ठेवत नाई. वरून खालपर्यंत पोतारलं. या भिंतीवर त लयच रेघोट्या होत्या. घासता घासता हात गेले माहे."

मी भिंतीकडे पाहिलं. चुलीच्या वरची, धुराने काळी झालेली आमची ती भिंत पांढरीशुभ्र झाली होती. मधे एका जागी माती तांबूस दिसत होती. गेरू होता तो. नलूच्या पोतेऱ्याने फिरून फिरून मातीत मिसळून गेला होता.

"चांगली झाली," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार? ती हिंगणघाटहून नवऱ्याची जिनिंगमधली मजुरी बुडवून, त्याला घेऊन आली होती. दहा माणसांचा स्वयंपाक करत होती, माझ्या तोंडात घास घालत होती. तिला काही माहीत नव्हतं.

आम्ही कासार. आंजीत राहतो, आंजीच्या आणि आसपासच्या गावांच्या बायांना बांगड्या भरतो. माल मी वर्ध्याहून आणायचो, सायकलवर पेट्या बांधून गावोगाव न्यायचो, बाजारात दुकान मांडायचो. बांगड्या भरायची गुलाब. घराघरात आत जाऊन बसायची ती, मी बाहेर सायकलजवळ. उधारीही तिचीच. तिला अक्षर येत नव्हतं. चुलीवरच्या भिंतीवर तिने गेरूने एकेका बाईची खूण काढली होती. कोणाची चिंचेची शेंग, कोणाचा रहाट, कोणाची शेळी. खुणेखाली रेघा. पैसे आले की बोट ओलं करून रेघ पुसायची. मी तिसरी शिकलेलो. वही कर म्हणून तिला किती वेळा म्हटलं.

"वही उंदीर खाते," ती म्हणायची. "भिंत कोण खाते?"

संक्रांतीला तिने गावंच्या गावं भरली. त्या वर्षी कापसाचे चुकारे लांबले होते, कोणाच्या घरी रोख पैसा नव्हता. पण संक्रांतीला बाईचा हात जुन्या बांगड्यांवर ठेवता येत नाही. तिने सगळ्यांना उधार भरलं. भिंत रेघांनी भरून गेली. आणि संक्रांत झाली तशी ती तापाने पडली. आधी घरीच काढे केले, मग सावंगीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी खूप केलं. ताप डोक्यात गेला होता. सलाईन लावताना नर्सबाई म्हणाल्या, बांगड्या काढा. मी काढल्या, एकही न वाढवता, म्हणजे न फोडता. नर्सबाई बघत राहिल्या. "तुम्हाला येतं की," म्हणाल्या.

सवाशीण बाई रिकाम्या हाताने जात नाही. ती गेल्यावर घरी आणलं तेव्हा हिरवा चुडा मीच भरला. बापाने मला लहानपणी शिकवलं होतं, पण लग्नानंतर मी कोणाचा हात धरला नव्हता. गुलाब असताना गरजच नव्हती. हात थंड झाला की दबत नाही. अंगठ्याखालचं हाड आत जात नाही. तिच्या मापाच्या बांगड्या चढेनात. शेवटी दोन मापं मोठ्या घेतल्या. त्या सैल पडल्या, मनगटावरून घरंगळत होत्या. ते मला अजून बरं वाटत नाही.

तेरवी झाली. नलू गेली. जाताना तिने पुन्हा एकदा भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळली पाय कशी. आता वर्षभर पाहा लागत नाई."

ती एसटीत बसेपर्यंत मी धीर धरला. घरी येऊन चाकूच्या टोकाने माती खरवडून पाहिली. खाली जुना धूर निघाला. रेघ एकही नाही.

*

वर्ध्याच्या मोतीलाल शेठकडून आम्ही माल घ्यायचो. माझ्या बापापासूनचं दुकान. तिथे जाऊन सांगणं भाग होतं.

शेठनी चहा मागवला. आपल्या हाताने कप माझ्यापुढे ठेवला. 

"गुलाबबाई एक बार आली होती इथं," मग म्हणाले. "माझ्या माणसाने तडा गेलेली बांगड्यांची माळ दिली. तिनं नुसती वाजवून ओळखली. आवाजावरून. मला म्हणाली, शेठ, ही तुमच्या घरीच ठेवा."

"हो जी. तसीच होती."

"चिंधूभाऊ, तुमच्याकडे साडेचार हजार आहे."

"हाय जी."

"आणि लगीनसराई येते. अखाजीला, अक्षय तृतीयेला, माल उठायला पाहिजे. तुमच्या गावांसाठी दुसरा एक पोरगा मागून राहिला. मोटरसायकल आहे त्याच्याकडे. मी त्याला थांबवलं आहे. पण अखाजीपर्यंतच. मलाही वर पैसे द्यायचे असतात."

"समजते जी."

"उधारी किती आहे तुमची गावात?"

"असन. याच्यापेक्षा जास्तच असन."

"मग काय. वही काढा, वसूल करा."

"वही नाई जी. भिंतीवर होतं. बहिणीनं सारवून टाकलं."

शेठ हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "बहिणीला बोलले तर नाही ना काही?"

"नाई."

"चांगलं केलं." आणि निघताना हरभऱ्याच्या घुगऱ्या बांधून दिल्या. घरून डबा आला होता, त्यातल्या.

परतताना सायकलवर माझ्या मनात सारखं तेच येत होतं. दुसरा पोरगा गावात फिरायला लागला की संपलं. एका गावात दोन कासार पोसले जात नाहीत. माझ्याकडे शेत नाही. बांगड्यांच्या पेट्या आणि ती सहा गावं, एवढंच बापाने दिलं होतं. आणि त्या गावांत गुलाबचं नाव होतं. ते गेलं असतं तर ती दुसऱ्यांदा गेली असती.

*

मी वसुलीला निघालो. मला वाटलं सरळ विचारावं. लपवायचं काय त्यात?

पहिल्या दिवशी ज्या ज्या घरी गेलो तिथे ओसरीवर पुरुष बसलेले. मी सायकल लावून विचारायचो, "बाई हाय का? संक्रांतीच्या बांगड्यांचं काही बाकी होतं काय?" आतून उत्तर यायचं, "नाई जी, आमचं काही नाई." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी बाई दारात आली, माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मी त नगदी देल्ले होते." हातात गुलाबने भरलेल्या बांगड्या होत्या. लाल, सोनेरी ठिपक्यांच्या. मी ओळखल्या. त्या पेटीतली शेवटची माळ मीच सोडून दिली होती गुलाबला.

दुपारपर्यंत मनात कडू भरलं. मेलेल्या बाईचे पैसे खाऊन राहिले लोक, असं वाटायला लागलं.

त्याच मनाने मी अण्णाजींच्या वाड्यावर गेलो. अण्णाजी आमच्या भागातले मोठे शेतकरी. ट्रॅक्टर, संत्र्याची बाग. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई गुलाबच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या संक्रांतीच्या बांगड्या भरून व्हायला अर्धी दुपार लागली होती. बाहेर सायकलजवळ बसून मी वाट पाहिली होती. आत दोघी हसत होत्या ते ऐकू येत होतं. म्हणून मला खात्री होती की तिथली बाकी मोठी असणार.

अण्णाजी बंगईवर झोके घेत बसले होते. दोन-चार माणसं खाली होती, खताच्या पोत्यांचं काही चाललं होतं.

"काय रे चिंधू, बायको गेली म्हणे."

"हो जी."

"वाईट झालं. बस. कायले आला?"

"संक्रांतीच्या बांगड्यांची बाकी होती जी. बाईची."

बंगई थांबली.

"कोणाची बाकी?"

"प्रमिलाबाईची."

"माह्या घरात बांगड्या उधार आल्या?" त्यांनी खाली बसलेल्या माणसांकडे पाहिलं. एकजण हसला. "अण्णाजी, आता कासारही सातबारा मांगन तुमाले," तो म्हणाला. मग सगळेच हसले.

अण्णाजी हसले नाहीत. त्यांनी आत हाक मारली. प्रमिलाबाई दाराआड येऊन उभ्या राहिल्या. मला फक्त त्यांचा हात दिसत होता, चौकटीवर. बांगड्या भरलेला.

"देल्ले नाई पैसे?"

"देल्ले," आतून आवाज आला. "तवाच देल्ले."

"ऐकलं?" अण्णाजी मला म्हणाले. "जाय आता. आणि पुन्हा असा हिशेब घेऊन दारात नको येजो."

हात चौकटीवरून मागे गेला. बांगड्या वाजल्या नाहीत. बांगड्या भरलेला हात न वाजवता उचलायचा म्हणजे बाईला किती जपून उचलावा लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी त्या वेळी मला काही कळलं नाही. मी सायकल काढली. मागून परत हसणं आलं.

*

गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलची साखळी निघाली. ऊन चढलं होतं. मी बाभळीखाली साखळी बसवत होतो. हाताला काळं वंगण, घाम डोळ्यात. पलीकडच्या वावरात फरदडीचा, हंगामानंतरचा, कापूस वेचणं चालू होतं. बाया कमरेला ओटी बांधून रांगेने येत होत्या. त्यातून एकीने हाक मारली.

"अवो चिंधूभाऊ, तुमीच बसले काय सायकलवरून खाली, का सायकलीनं बसवलं?"

ती तानाबाई. बौद्धपुऱ्यात राहणारी, मजुरीला जाणारी, आवाजाने दोन वावरं ओलांडणारी. तिची मुलगी पौर्णिमा मागच्या ओळीत वेचत होती. तानाबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आली. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं ओरखडलेली होती. पण मनगटात हिरव्या बांगड्या तशाच सगळ्या.

"वसुलीले फिरून राह्यले म्हणते," ती म्हणाली.

"फिरून राह्यलो. एक पैसा नाई."

"कसे मांगता?"

"कसे म्हणजे? मांगतो. बाकी हाय काय म्हणून."

"घरधन्यासमोर?"

"त मंग कोणासमोर?"

तानाबाईने कपाळावर हात मारून घेतला. मग वावराकडे वळून ओरडली, "पाय वं, हा माणूस घरधन्यासमोर बांगड्यांची बाकी मांगून राह्यला." बाया थांबल्या. एकदोघी हसल्या, पण अण्णाजींकडच्यासारखं नाही.

"चिंधूभाऊ," ती खाली बसली. "कोणती बाई नवऱ्याले सांगते का बांगड्या उधार घेतल्या म्हून? नवरा म्हणन, मी तुले बांगड्या पण नाई घालू शकत काय. त्याची इज्जत जाते. गरिबाची जाते, पाटलाची त अजूनच जाते. घरात पैसा नाई हे बाईले माहीत असते. पण ते बाहेरच्यानं त्याच्या तोंडावर बोललं, की मार बाईलेच पडते."

मी साखळी हातातून सोडली.

"गुलाबबाई तुमाले काहीच बोलली नाई काय? ती कशी वसूल करे?"

"मी बाहेर राहो. सायकलजवळ."

"ती पाणी मांगे," तानाबाई म्हणाली. "येऊन बसे ओसरीवर. नवरा असो, सासरा असो. म्हणे, बाई, तांब्याभर पाणी दे वं. बस. बाईले समजे. ती पाणी घेऊन ये, तांब्या खाली ठेवे, तांब्याच्या बुडाखाली पैसे. गुलाबबाई तांब्या उचले, पाणी पेये, पैसे पदरात. नसले पैसे, त बाई नुसतं पाणी दे. मंग गुलाबबाई समजे. पाणी पेऊन निघून जाय. पुन्हा महिनाभर येत नव्हती तिकडं."

मी किती वर्षं त्या सायकलजवळ बसलो. प्रत्येक घरातून ती तोंड पुसत बाहेर यायची. एकदा मी तिला म्हटलंही होतं, तुला एवढी तहान काऊन लागते. ती म्हणाली होती, बोलून बोलून घसा वाळते.

"तुमच्याहीकडे मांगे?" मी विचारलं. लगेच वाटलं, विचारायला नको होतं.

तानाबाईला काय ते कळलं. "आमच्याकडंबी. पयल्या खेपी मी म्हटलं, बाई, आमचं पाणी तुमाले चालते काय? त म्हणे, हात तुहा धरतो, मंग तांब्यानं काय केलं?" ती थोडी हसली. "तुमी आमच्या पुऱ्यात येत, पण निंबाखालीच उभे राहत. आम्ही म्हणो, राहू द्या, मानूस बरा हाय, लाजते."

मी लाजत होतो हे खरं नव्हतं, आणि तिलाही ते माहीत होतं. तिने मला ते तसं देऊन टाकलं.

धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत तिची मातीची घागर होती, ओल्या फडक्याने गुंडाळलेली. मी वंगणाचे हात मातीला घासले.

"तानाबाई," मी म्हणालो, "तांब्याभर पाणी दे वं."

वावरातल्या बाया आता सगळ्या बघत होत्या. पौर्णिमा पण. तानाबाई उठली, घागरीतून तांब्या भरला, ओटीच्या आतल्या गाठीतून काही काढलं. तांब्या धुऱ्यावर माझ्यापुढे ठेवला. मी उचलला. खाली दुमडलेल्या नोटा होत्या, घामाने ओल्या. मी पाणी प्यायलो, सगळं, शेवटच्या घोटापर्यंत. पाणी गार होतं. मग मला रडू आलं. गुलाब गेल्यापासून आलं नव्हतं, ते तिथे आलं.

 बाया परत वेचायला लागल्या. थोड्या वेळाने तानाबाई म्हणाली, "माही खूण कोणती होती भिंतीवर? मले कधी सांगितलंच नाई तिनं."

"मले नाई माहीत."

"भोंगा असन," एक बाई मागून म्हणाली. आणि सगळ्या हसल्या. तानाबाई सगळ्यात जास्त.

*

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर पाणी मागायला लागलो.

पहिल्या घरी मी सायकल लावून ओसरीवर बसलो. ओसरीवर म्हातारा सासरा विडी ओढत होता. "पाणी मिळन काय?" मी म्हणालो.  मग बाई तांब्या घेऊन आली. हीच ती, नगदी दिले म्हणणारी. तिने तांब्या ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. पण आत जाताना म्हणाली, "गुलाबबाई बरी पेये. तुमीबी पेत जा. ऊन लय झालं." तांब्याखाली पैसे होते. एक रुपयाही कमी नसणार. किती होतं देणं, मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

तानाबाईने वेचणीच्या बायांमधून निरोप पसरवला होता. कासारीण गेली, भिंत सारवली गेली, कासाराला काही ठाऊक नाही, जिचं तिने आठवावं. निरोप माझ्या सायकलच्या पुढे पुढे पळत होता. काही ठिकाणी मी ओसरीवर बसायच्या आतच तांब्या यायचा.

एवढं पाणी मी आयुष्यात प्यायलो नाही. एका गावात आठ घरी पाणी, मग नाल्याच्या काठी सायकल लावून उभं राहायचं. एका म्हाताऱ्याने सुनेला ओरडून विचारलं, "या कासाराले साखर झाली काय वं? जे घर ते घर पाणी पेऊन राह्यला." सून म्हणाली, "बायको गेली त्याची मामाजी, घसा सुकते." म्हातारा म्हणाला, "खरं हाय बाप्पा," आणि मला आपली विडी दिली.

सगळीकडे पैसेच होते असं नाही. एका ठिकाणी तांब्याखाली तुरीच्या डाळीची पुरचुंडी होती, सुतळीने बांधलेली. एका ठिकाणी नुसतं पाणी. ते मी पिऊन निघालो, गुलाब निघायची तसा. एका बाईचं काहीच देणं नव्हतं. ती म्हणाली, "माह्यं फिटलं हाय भाऊ, पण पाणी पेऊन जा. ती कवा माह्या दारावरून तशी गेली नाई." मी प्यायलो.

आणि एका घरी बाई बाहेर आली ती मोकळ्या हातांनी. नवरा संक्रांतीनंतर गेला होता. मला कळलं नव्हतं. गुलाबची एक रीत मला ठाऊक होती, ती तिनेच एकदा सांगितली होती. ज्या हातातल्या बांगड्या माणसापाठी उतरल्या त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत. ती रेघ ती स्वतः पुसायची. त्या बाईने तांब्या ठेवला. खाली नोट होती, तिचं टोक बाहेर आलं होतं. मी तांब्या उचलला, पाणी प्यायलो, तांब्या परत त्याच नोटेवर ठेवला आणि उठलो.  रस्त्याला लागल्यावर मागे पाहिलं तर ती अजून दारातच उभी होती.

*

फाल्गुनातल्या एका बाजारी मी पहिल्यांदा एकट्याने दुकान मांडलं. गोणपाट, वर चादर, पेट्या उघडून माळा रांगेने. बाया येत, मालाला हात लावत, भाव विचारत आणि जात. कोणी हात पुढे करेना. पुरुषाच्या हातात हात द्यायचा, हे आता मोडलं होतं. बापाच्या वेळी तसं नव्हतं.

तानाबाई आली ती पौर्णिमाला पुढे ढकलत.

"भर इच्या बांगड्या. वैशाखात लगन हाय. आतापासून सवय होऊ दे हाताले."

"माय, यायले येते का पण?" पौर्णिमा म्हणाली.

"नाई येत त शिकतीन. तुह्या हातावर."

मी पोरीचा हात धरला. हात गरम होता. एवढंच, पण मला क्षणभर थांबावं लागलं. मग अंगठ्याखालचं हाड दाबलं आणि ते दबलं. चारही बोटं जुळवली. पहिली बांगडी गाठीवर अडकली आणि वाढली. माझ्याच बोटात काच गेली. दुसरी पण. बांगडी भरताना वाढली तर तोटा कासाराचा, हे सगळ्यांना माहीत असतं. आजूबाजूला बाया जमल्या होत्या.

"दाबता काय एवढं, चक्का हाय काय तो?" एक म्हणाली.

"गुलाबबाई बोलत राहे भरताना. बोला काही, म्हंजे पोरगी हात ढिला सोडन."

"काय बोलू?"

"काहीबी बोला. नवऱ्याचं नाव विचारा."

मी विचारलं. पौर्णिमा लाजली, हात ढिला पडला, बांगडी सरकून गेली. मग दुसरी. मग सगळ्या. शेवटी वरची एक फुकटची घातली, रिवाजाप्रमाणे. पौर्णिमाने हात हलवला आणि बांगड्या वाजल्या. बाजाराच्या गलक्यात तेवढंच ऐकू आलं मला.

"पाय," तानाबाई बायांना म्हणाली. "आता द्या वं हात. रक्त त्याचं निघालं, तुमचं नाई."

त्या दिवशी माझी बोटं चिंध्यांनी बांधलेली होती आणि दोन माळा रिकाम्या झाल्या होत्या.

*

अखाजीच्या आधी मी वर्ध्याला गेलो. मोतीलाल शेठनी पैसे मोजले. बरेचसे फिटले, थोडे राहिले. राहिलेल्यांचं ते काही बोलले नाहीत. मोटरसायकलवाल्या पोराला त्यांनी सेलूकडची गावं दिली होती. आपल्या माणसाला म्हणाले, "चिंधूभाऊचा माल बांध. आणि माळ वाजवून दे." लगीनसराईचा हिरवा चुडा दोन पेट्या भरून मिळाला. मी सायकलच्या कॅरियरला बांधला आणि गिट्टीच्या रस्त्यावर जपून, उतरून, हाताने ढकलत आणला.

अखाजीला नलू आली. भिंतीकडे पाहून म्हणाली, "दादा, तशीच ठेवली. एक डाग नाई." मी म्हणालो, "कोण डाग पाडन आता." आम्ही जेवलो. गुलाबच्या नावाने घागर पुजली. नलूने ती घागर भरून ठेवली तेव्हा मला वाटलं, पाणी तिच्यापर्यंत पोचलं असेल तर तिला समजेल.

मी देवाचं फार करणारा माणूस नाही. पण रोज निजताना त्या बाया आठवतात, एकेकीचा तांब्या आठवतो. पितळेचा, जर्मनचा, एक स्टीलचा पोचा आलेला. भिंत पुसली गेली, तरी त्याचा फायदा घेऊन एकही बाई देणं चुकवून गेली नाही. एवढं देणं माझ्या अंगावर आहे आणि ते फिटायचं नाही.

प्रमिलाबाईंचे पैसे मागेच आले होते. तानाबाई अण्णाजींच्या वावरात जाते, तिच्या हाती आले. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले.

"बाई म्हणे, किती हायत ते मोजू नको, नुसते दे," तानाबाई म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी बाकी मांगाले गेले त्या दिवसापासून तिच्या हातात दोन-दोनच बांगड्या हायत. बाकीच्या अण्णाजीनं ओट्यावर उतरवायले लावल्या. माणसाईसमोर."

"तू आधी काऊन नाई सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी? तवा तुमी नुकतेच पाणी पेवाले शिकून राह्यले होते."

मी तिला प्रमिलाबाईंचं माप विचारलं. तिने सांगितलं. नव्या मालातून त्या मापाच्या, लाल, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या काढून मी सुताने बांधून वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत.

वाड्यावरून माझी सायकल आठवड्यातून दोनदा जाते. कधी अण्णाजी बंगईवर असतात, कधी बंगई रिकामी असते. मी पेडल मारत पुढे जातो. त्या घरी जाऊन पाणी मागायचं अजून राहिलं आहे.